शनिवार-रविवारी वसाहतीत वारली चित्रांची कार्यशाळा, प्रदर्शन आणि स्नेहमेळावा कसा भरवावा

गृहनिर्माण संस्थेत किंवा एखाद्या सार्वजनिक वाचनालयात शनिवार-रविवारी कलेचा कार्यक्रम करायचे ठरले, की बहुधा एकाच वेळी सगळे मांडले जाते. एका कोपऱ्यात मेंदी, दुसऱ्या कोपऱ्यात मातीकाम, मधोमध मुलांची चित्रकला स्पर्धा आणि शेवटी जेवण. गर्दी होते, छायाचित्रे निघतात, पण सोमवारी सकाळी कोणाच्याही हाती काही उरलेले नसते. त्यापेक्षा एकच कला निवडावी, ती जाणणाऱ्या एकाच कलाकाराला सन्मानाने बोलवावे, शनिवारी शिकावे, रविवारी सकाळी चित्र पूर्ण करावे आणि त्याच संध्याकाळी ती चित्रे लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या लेखात उदाहरण म्हणून वारली चित्रकला घेतली आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण, वसई या पट्ट्यातील वसाहतींना पालघर जिल्हा जवळ आहे, साहित्य स्वस्त आहे आणि ज्याने शाळा सुटल्यापासून हातात कुंचला धरलेला नाही, अशा माणसालाही पहिल्याच दिवशी एक आकृती नीट जमते.

तारीख कशी ठरवावी

तारीख ठरवताना आपण सहसा सभागृह केव्हा मोकळे आहे एवढेच पाहतो. इथे मात्र सर्वप्रथम कलाकाराचे वर्ष पाहिले पाहिजे. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागांतील अनेक वारली चित्रकार शेतीही करतात. जून-जुलैमध्ये भाताची लावणी असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-झोडणी, त्यामुळे त्या काळात त्यांना दोन दिवस शहरात बोलावणे म्हणजे शेतावरचा एक माणूस काढून घेणे होय. मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि मे महिन्यात निम्मी वसाहत गावाला गेलेली असते. हे सगळे जुळवून पाहिले तर डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने सर्वांत सोयीचे ठरतात. जानेवारीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम असतात, तेव्हा वसाहतीतील महिला मंडळाशी आधी बोलून घ्यावे. दोन्ही कार्यक्रम एकाच संध्याकाळी आले, तर गर्दी दोन्हीकडे विभागली जाते.

तयारीला दोन महिने धरावेत. यांतील पहिला महिना कलाकाराशी बोलणे, जागा आणि पैसे यांत जातो आणि दुसरा नावनोंदणी व साहित्य यांत.

कलाकाराला बोलावणे

वारली चित्रे शिकवणारे शिक्षक शहरात गल्लोगल्ली मिळतात आणि त्यांतले काही उत्तम शिकवतात, हे मान्य आहे. तरीही, शक्य असेल तर, ज्या समाजाची ही कला आहे त्याच समाजातील चित्रकाराला बोलवावे. मुंबईत दरवर्षी भरणारे 'महालक्ष्मी सरस' आणि निरनिराळ्या शहरांत होणारा 'आदि महोत्सव' या ठिकाणी असे कलाकार स्वतः आपली चित्रे घेऊन बसलेले असतात. तिथे जाऊन त्यांच्याशी थेट बोलणे हा ओळख करून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. पुण्याकडील वाचकांनी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयाला भेट द्यावी. कार्यक्रम करायचा असो वा नसो, कार्यकर्त्यांनी एकदा तरी ते दालन पाहिलेले असावे.

पहिल्याच संभाषणात तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात: मानधन किती, प्रवास आणि मुक्कामाची व्यवस्था कोणती आणि किती जणांना शिकवायचे. मानधनाचा आकडा आपण आधी सांगू नये, तो कलाकाराला विचारावा आणि आपल्याला तो झेपत नसेल तर कार्यक्रम लहान करावा, पण घासाघीस करू नये. "तुमची जाहिरात होईल" हे वाक्य तर तोंडातून काढूच नये. कलाकारासोबत बहुधा घरातील आणखी एक व्यक्ती मदतीला येते, तिचाही प्रवास, जेवण आणि स्वतंत्र मानधन हिशेबात धरावे. लोकल डहाणू रोडपर्यंत धावते आणि दादरला गाडी बदलून ठाण्या-डोंबिवलीला येता येते, परंतु विक्रीसाठी आणलेली कापडावरची चित्रे, गुंडाळ्या आणि पिशव्या घेऊन गर्दीच्या वेळी हा प्रवास करणे फार त्रासाचे असते. त्यामुळे निदान एका बाजूच्या गाडीभाड्याची तरतूद ठेवावी. मुक्काम कोणाच्या घरी असेल तर स्वतंत्र खोली असावी. निम्मी रक्कम आधी बँक खात्यात जमा करावी आणि उरलेली रविवारी संध्याकाळी, कार्यक्रम संपण्यापूर्वी द्यावी.

काय शिकवायचे हेही कलाकारालाच ठरवू द्यावे. याला एक महत्त्वाचे कारण आहे. वारली समाजात चित्र हे मुळात लग्नघरातील विधीचा भाग आहे. कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंतीवर सवाशिणी देवचौक आणि लग्नचौक ही चौकोनी विधिचित्रे लिहितात, म्हणजे काढतात, मधोमध पालघाट ही सुफलतेची देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणाऱ्या स्त्रिया, लग्नाची गाणी म्हणतात. कागदावर आणि कापडावर रोजच्या जीवनाची चित्रे काढण्याची वाट नंतरची आहे. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांनी ती जगापुढे नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे चौक सरावासाठी काढायचा की नाही, हा निर्णय कलाकाराचा असावा. अनेकदा ते चौकाची माहिती सांगतात, पण काढायला झाड, घर, भातलावणी किंवा तारपा नृत्य देतात. आयोजकांनी तिथे आग्रह धरू नये.

जागा, परवानग्या आणि पैसे

संस्थेचे सभागृह वापरायचे असेल तर व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करून घ्यावा आणि त्यात तारीख, वेळ, स्वच्छतेची जबाबदारी आणि खर्चाची मर्यादा लिहावी. तोंडी संमतीवर विसंबू नये. शाळेचा वर्ग हवा असल्यास मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी वर्ग बहुधा रिकामे असतात, शिवाय तिथे बाके आणि फळा आयतेच मिळतात. मोकळ्या मैदानावर किंवा रस्त्यालगत मांडव घालायचा असेल तर महापालिकेचे प्रभाग कार्यालय आणि पोलीस ठाणे या दोन्ही ठिकाणी वेळेत अर्ज करावा लागतो. एवढ्या लहान कार्यक्रमासाठी हा व्याप करू नये, असेच मी सुचवेन.

ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. पंचवीस-तीस माणसांच्या कार्यशाळेला त्याची गरजच नसते.

खर्चाचे साधे गणित असे मांडता येईल. समजा, मानधन, प्रवास, साहित्य, चहा-फराळ आणि प्रदर्शनाची मांडणी मिळून २४,००० रुपये लागणार आहेत आणि २५ पैकी २० जणांकडून प्रत्येकी ४०० रुपये शुल्क घेतले, तर ८,००० रुपये जमतील. उरलेले १६,००० रुपये संस्थेच्या सांस्कृतिक निधीतून किंवा रहिवाशांच्या ऐच्छिक वर्गणीतून उभे करावे लागतील. शुल्क अजिबात ठेवू नये असे काहींचे म्हणणे असते, पण विनाशुल्क नोंदणीत नाव घालून ऐनवेळी न येणारे फार असतात आणि कलाकाराने पंचवीस जणांचे साहित्य तयार ठेवलेले असते. त्याऐवजी शुल्क ठेवावे आणि वसाहतीत काम करणारे सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि घरकामाला येणाऱ्या महिला यांच्या मुलांसाठी चार-पाच जागा विनाशुल्क राखून ठेवाव्यात. या जागांचा वेगळा उल्लेख कुठेही करू नये. यादीत सगळी नावे एकत्रच असावीत.

एका कलाकारामागे २५ पेक्षा जास्त नावे घेऊ नयेत. आठ वर्षांखालील मुलासोबत एक मोठी व्यक्ती असावी आणि तीही चित्र काढणार असेल तर तिची स्वतंत्र नोंदणी व्हावी. वयाने गट पाडू नयेत. आजी आणि नातू शेजारी बसून काम करतात तेव्हा कार्यशाळेची गती आपोआप योग्य राहते. लिफ्टशेजारच्या फलकावर मोठ्या अक्षरांत सूचना लावावी, कारण वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटात नसलेली ज्येष्ठ मंडळी तीच वाचतात.

साहित्य

प्रत्येकी ए-थ्री आकाराचे जाड हातकागदाचे दोन ताव पुरतात, एक सरावाला आणि एक अंतिम चित्राला. तयार तपकिरी कागद मिळतो, पण तो घेऊ नये. गेरूची पार्श्वभूमी स्वतः तयार करणे हा शिकण्याचाच भाग आहे. गेरूची पूड पाण्यात कालवून त्यात भिजवलेला डिंक घालावा, नाहीतर वाळल्यावर रंग बोटाला लागतो. रुंद कुंचल्याने एकदा आडवा आणि वाळल्यावर एकदा उभा असा हात फिरवला की कागदावर भिंतीसारखी खरखरीत पोत येते.

पांढऱ्या रंगासाठी तांदूळ रात्रभर भिजत घालून सकाळी बारीक वाटावेत, फडक्यातून गाळावेत आणि त्यातही थोडा डिंक मिसळावा. हे मिश्रण ओले असताना कागदावर फिके दिसते आणि वाळता वाळता पांढरे होते. हे ठाऊक नसलेले लोक रेघ दिसत नाही म्हणून त्याच रेघेवर पुन्हा पुन्हा काडी फिरवतात आणि ती जाड होऊन बसते. कलाकाराने ही गोष्ट सुरुवातीलाच दाखवावी, अशी विनंती करून ठेवावी. तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र फार काळ टिकवायचे नसेल तरच चालते, कारण दमट हवेत त्याला बुरशी येऊ शकते. म्हणून सरावाच्या तावावर तांदळाचा रंग आणि अंतिम तावावर पांढरा पोस्टर कलर अशी विभागणी उत्तम. बांबूच्या बारीक काड्या प्रत्येकी दोन लागतात. काडीचे टोक चावून किंवा हलके ठेचून तंतू मोकळे केले की तोच कुंचला होतो.

याशिवाय जुनी वर्तमानपत्रे, पाण्यासाठी वाट्या, हात पुसायला फडकी, जमिनीवर अंथरायला जुन्या चादरी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. गेरूचे डाग फरशीच्या सांध्यांतून सहज निघत नाहीत, हे सभागृहाच्या रखवालदाराने सांगण्यापूर्वी आपणच लक्षात घेतलेले बरे. गुडघेदुखी असलेल्यांसाठी टेबल-खुर्च्यांची एक रांग लावावी आणि सभागृह तळमजल्यावरच असावे.

शनिवार दुपार आणि रविवार सकाळ

शनिवारी दुपारी ४ ते ७ ही वेळ ठेवावी. पहिली पंधरा-वीस मिनिटे कलाकाराने स्वतः चित्र काढावे आणि सर्वांनी भोवती बसून नुसते पाहावे. भाषण, स्वागतगीत, दीपप्रज्वलन यांपैकी काही नसावे. त्यानंतर गेरूचा हात द्यायचा, तो वाळेपर्यंत चहा घ्यायचा आणि मग आकृतीकडे वळायचे.

वारली मानवाकृती दोन त्रिकोणांची असते. वरचा त्रिकोण टोक खाली करून, खालचा टोक वर करून आणि दोन्हींची टोके एकमेकांना टेकलेली. वरचा म्हणजे छाती आणि खांदे, खालचा म्हणजे कंबर. मग गोल डोके आणि हातापायांच्या रेघा, स्त्री असेल तर अंबाडा. नवशिका हे दोन त्रिकोण अगदी सरळ, एकावर एक काढतो आणि माणूस उभा खांब दिसतो. कलाकार वरचा त्रिकोण किंचित कलता काढतो, आणि तोच माणूस वाकून रोप लावू लागतो किंवा डोक्यावर भारा घेऊन चालू लागतो. शनिवारचा उरलेला सगळा वेळ या एका गोष्टीवर घालवला तरी तो सार्थकी लागला असे समजावे. पट्टी आणि पेन्सिल यांना मज्जाव करावा. खोडरबर तर दाराबाहेरच ठेवावा.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करणारी मुले इथे थोडी गोंधळतात, कारण त्यांना छायाप्रकाश आणि अंतरानुसार लहान-मोठे आकार काढण्याची सवय असते. त्यांना एवढेच सांगावे, की या चित्रात दूरचा माणूस लहान काढत नाहीत.

रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत अंतिम चित्र काढावे. विषय एकच देऊ नये, तसेच अगदी मोकळेही सोडू नये. 'आपल्या वसाहतीतील एक काम' अशी दिशा दिली तर लोक टाकीवर चढलेला नळदुरुस्तीवाला, पहाटेचा दूधवाला, कचरा वेगळा करणाऱ्या महिला, गच्चीवरची पापडांची वाळवण असे काढतात आणि संध्याकाळी प्रदर्शनात बघणाऱ्याला स्वतःची ओळख पटते. ज्यांना तारपा नृत्य काढायचे आहे त्यांनी ते काढावे. मात्र मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत गेलेली माणसांची साखळी हा क्रम कलाकाराकडून समजून घ्यावा. तारपा हे वाळलेल्या दुधीभोपळ्याचे, बांबूचे आणि ताडाच्या पानांचे वाद्य असते. कलाकाराने ते सोबत आणले असेल तर रविवारच्या मध्यंतरात वाजवण्याची विनंती अवश्य करावी.

प्रदर्शन

दुपारी १२ ते ५ हा वेळ चित्रे वाळायला, जेवायला आणि मांडणीला पुरतो. मांडणीचे माप आधी काढून ठेवावे. आडवा ए-थ्री ताव ४२ सेंटिमीटर रुंद असतो. दोन चित्रांत २० सेंटिमीटर जागा सोडली तर २५ चित्रांना साधारण १५.५ मीटर, म्हणजे जवळपास ५१ फूट लांबीची भिंत लागते. सभागृहाच्या दोन लांब भिंतींवर ती बसतात. बसत नसतील तर एकावर एक रांगा लावू नयेत, मंडपवाल्याकडून कापड लावलेले उभे फलक भाड्याने आणावेत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर यावा. भिंतीला चिकटपट्टी लावल्यास रंगाचे पापुद्रे निघतात आणि पुढच्या वेळी सभागृह मिळत नाही, म्हणून दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधलेली सुतळी आणि लाकडी चिमटे वापरावेत. पंखा चालू केल्यावर चित्रे फडफडू नयेत यासाठी खालच्या दोन्ही कोपऱ्यांनाही चिमट्याने पुठ्ठ्याची बारीक पट्टी लावावी.

प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव आणि चित्राविषयी एक वाक्य, तेही त्याच्याच हस्ताक्षरात असावे. लहान मुलांचे फक्त पहिले नाव लिहावे. क्रमांक, परीक्षक, बक्षिसे यांना थारा देऊ नये. पंचवीस जणांनी दोन दिवस जिवापाड मेहनत केल्यावर तिघांना चषक आणि बावीस जणांना प्रमाणपत्र देणे मला अन्यायाचे वाटते.

कलाकाराची चित्रे वेगळ्या, चांगल्या उजेडाच्या भिंतीवर लावावीत. किमती त्यानेच लिहाव्यात आणि खरेदीचे पैसे थेट त्याच्या खात्यात जावेत, आयोजकांनी त्यातून काहीही कापून घेऊ नये. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे, हे लक्षात ठेवून रहिवाशांची चित्रे 'वारली पद्धतीने काढलेली' अशीच म्हणावीत आणि ती विक्रीला ठेवू नयेत.

स्नेहमेळावा

संध्याकाळी ५.३० ला दारे उघडावीत. पहिला तासभर लोकांना नुसते फिरू द्यावे. आपले चित्र कुठे आहे हे दाखवायला प्रत्येक जण आपल्या घरच्यांना ओढून आणतो, आणि एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभे राहणारे शेजारी तिथे "ही तुमच्या मुलीची का?" असे विचारून बोलायला लागतात. हा तास कोणत्याही कार्यक्रमाने भरून काढू नये.

त्यानंतर अर्ध्या तासाची कलाकाराची मुलाखत ठेवावी. मुलाखत घेणाऱ्याने आदल्या दिवशी कार्यशाळेत बसलेले असावे आणि गावातील घरे आता सिमेंटची झाल्यावर लग्नचौक कुठे काढतात, चित्र काढण्याचे काम घरात कोण कोण करते, शहरातील लोक कोणत्या गोष्टी चुकीच्या समजतात, असे नेमके प्रश्न विचारावेत. "आपल्याला ही आवड कशी निर्माण झाली" या प्रश्नाने सुरुवात करू नये. कलाकाराला मराठीत मोकळेपणाने बोलणे अवघड वाटत असेल तर वारली बोलीत बोलू द्यावे आणि सोबतच्या नातेवाइकाने मराठीत सांगावे.

प्रमुख पाहुणे बोलावण्याचा मोह आवरावा. स्थानिक पुढारी आले तर त्यांचे स्वागत करावे, पण त्यांचा फलक प्रवेशद्वारावर लागू नये आणि त्यांची वाट पाहत मुलाखत खोळंबू नये. शाल-श्रीफळ द्यायचे असेल तर ते वसाहतीतील सर्वांत ज्येष्ठ सहभागी व्यक्तीच्या हातून द्यावे, दोन मिनिटांत उरकावे आणि मानधनाचा उरलेला भाग त्यापूर्वीच खात्यात गेलेला असावा.

खाण्यासाठी कांदेपोहे आणि चहा पुरेसा आहे. घरोघरीचा एकेक पदार्थ आणण्याची पद्धत छान असते, फक्त दूध आणि नारळाचे पदार्थ संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नयेत. मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांना विचारावे आणि कलाकाराच्या चित्रांची छायाचित्रेही त्याच्या संमतीनेच काढावीत.

सोमवारनंतर

आठवडाभर प्रदर्शन लावून ठेवता आले तर फारच चांगले, कारण रविवारी बाहेरगावी गेलेले रहिवासी नंतर येऊन पाहतात. ज्यांना चित्र घरी न्यायचे आहे त्यांना घडी घालून न देता गुंडाळी करून, वर्तमानपत्रात लपेटून द्यावे, कारण पोस्टर कलरचा जाड थर घडी पडली की तडकतो. जमाखर्च दहा दिवसांच्या आत फलकावर लावावा आणि शिल्लक राहिलेली रक्कम कशासाठी राखून ठेवली आहे तेही लिहावे. उरलेला गेरू आणि काड्या जवळच्या शाळेच्या चित्रकला शिक्षकांना नेऊन द्याव्यात. कलाकाराला चित्रांची छायाचित्रे आणि मुलांनी लिहिलेली पत्रे टपालाने पाठवावीत, आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरवण्यासाठी त्यांना फोन करायचा असेल तर तो भाताची कापणी आटोपल्यावर, संध्याकाळच्या वेळी करावा.